हायब्रिड गाडी आणि दोंडाईच्याचे आबा

हायब्रिड गाडी घेण्यापूर्वी आमच्या नात्यातलं कोणीही कधी हरवलं नव्हतं.

मी जळगावच्या एका महाविद्यालयात वनस्पतीशास्त्र शिकवते. जुनी गाडी मोडीत काढायची वेळ आली तेव्हा विलास, म्हणजे माझा नवरा, साधी पेट्रोलची गाडी घेऊ म्हणत होता. तो हिशेबाच्या कामातला माणूस. त्याने बसल्या बसल्या आकडेमोड केली आणि चष्मा कपाळावर सरकवून मला निकाल ऐकवला.

"हायब्रिडला जेवढे जास्त मोजायचे, तेवढं पेट्रोल वाचवायचं असेल तर तुला रोज नाशिकला जाऊन यावं लागेल."

"पण पर्यावरणाचं काय?"

"त्याला विचार, निम्मे देतो का."

मी हट्टाला पेटले. वर्गात मुलांसमोर कार्बनवर तावातावाने बोलायचं आणि बाहेर धूर सोडत निघायचं, हे मला पटत नव्हतं. (आणि आमच्या विभागप्रमुखांनी विजेची गाडी घेतली होती. पण ते कारण मी कोणाला सांगितलं नाही.) शेवटी विलासने सही केली आणि एवढंच म्हणाला, "तू निवृत्त झाल्यावर दोनेक वर्षांनी ही गाडी फायद्यात येईल. तोवर जपून वापर."

या एका वाक्याने माझी झोप गेली. गाडी घेतल्या दिवसापासून माझं लक्ष रस्त्यावर कमी आणि समोरच्या पडद्यावर जास्त. तिथे हिरव्या रंगात अ‍ॅव्हरेज दिसतं. ते वाढलं की मला बरं वाटायचं, घसरलं की छातीत धडधडायचं. पायाखाली पापड वाळत घातलेत अशा बेताने मी अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवायचे. मागचे हॉर्न वाजवायचे. वाजवोत. त्यांना कुठे निवृत्तीपर्यंत पैसे वसूल करायचे होते?

लोकांना समजावण्यात वेगळाच जीव जायचा. "चार्जिंगला कुठे लावता?" हा प्रश्न मला आमच्या गल्लीत प्रत्येकाने विचारला. ही चार्जिंगला लावायची नसते, थोडा वेळ बॅटरीवर चालते, थोडा वेळ पेट्रोलवर, आपली आपण ठरवते, असं मी सांगायचे. त्यावर शेजारच्या काकू म्हणाल्या, "म्हणजे कोणाच्याच ऐकण्यात नाही."

माझा धाकटा भाऊ सुभाष धुळ्याला असतो. बी-बियाण्यांचं दुकान आहे, आणि दारात डिझेलची एक अवाढव्य गाडी आहे. ती सुरू झाली की दोन गल्ल्यांना कळतं. माझी गाडी बघून तो म्हणाला होता, "ताई, ही गाडी आहे की पिठाची चक्की बंद पडलीय?" तर या सुभाषच्या मुलीचा, ऋतुजाचा, साखरपुडा ऐन मे महिन्यात धुळ्याला ठरला. मुलगा दोंडाईच्याचा, चेतन. स्वभावाने गरीब, नोकरीला पुण्यात. सगळं उत्तम होतं. काळजी एकाच गोष्टीची होती, ती म्हणजे चेतनचे आजोबा.

त्यांना सगळे आबा म्हणत. त्यांच्याविषयी आमच्याकडे आधीच बातमी पोचली होती की, एका लग्नात चहा कोमट आला म्हणून ते मांडवातून उठून थेट दोंडाईच्याला परत गेले होते. त्यांच्या घरात साखरेचा पुडा मुलीच्या हातात द्यायचा मान त्यांचाच. ते बसले तर कार्यक्रम, ते उठले तर सगळेच उठले. सुभाषच्या बायकोने, वैशालीने, मला फोनवर बजावलं होतं, "ताई, आबांशी जरा जपून बोला. आणि चहाचं मी बघते."

सकाळी आम्ही जळगावहून निघालो. मी ए.सी. लावला नाही. पाळधी गेलं, एरंडोल गेलं. विलास रुमालाने मान पुसत होता. खिडकीतून येणारा वारा चुलीपुढच्या फुंकणीतून यावा तसा येत होता. एक ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला, तेव्हा विलास शांतपणे म्हणाला, "तो वाकून बघत होता आत. त्याला वाटलं असेल गाडी ढकलतायत."

"अ‍ॅव्हरेज बघ," मी म्हटलं.

"बघतोय. घामाने नीट दिसत नाही."

पारोळा ओलांडल्यावर मात्र मलाही आरशात माझं तोंड दिसलं. पावडरचे ओघळ पैठणीपर्यंत पोचले होते. मुलीची आत्या अशी भिजून उतरली तर दोंडाईच्याचे लोक काय म्हणतील? मुकटीच्या पुढे मी जड मनाने ए.सी. सुरू केला, आणि एकदा केलाच आहे तर म्हणून पूर्ण सोडला. धुळ्यात मंगल कार्यालयाच्या फाटकात शिरलो तेव्हा गाडीत महाबळेश्वर झालं होतं. उन्हाने सीटा तापू नयेत म्हणून मागच्या काचांना मी जाळीचे काळे पडदे लावलेले होते, त्यामुळे आत सुखद अंधारही होता.

उशीर झालाच होता. मुलाकडची मंडळी येऊन बसली होती. विलास उतरून घाईघाईने आत गेला. मी पदर सावरत, पर्स काखेत मारत उतरले, आणि समोर लिंबाखाली खुर्चीत बसलेले आबाच. पांढरं धोतर, पांढरा सदरा, खांद्यावर उपरणं. मी वाकून नमस्कार केला.

"कोनी गाडी शे?" आबांनी विचारलं.

"माझीच आहे आबा."

"लाईटवर चालस का पेट्रोलवर?"

आता हा प्रश्न मला विचारायला नको होता. जपून बोला ही सूचना मी पार विसरले. बॅटरी कुठे असते, इंजिन केव्हा लागतं, दोघं मिळून काम कसं करतात, हे सगळं मी त्यांना शिकवायला घेतलं. ब्रेक दाबला की वाया जाणारी शक्ती परत बॅटरीत साठते, हेही सांगितलं.

"ब्रेक दाबा का चार्ज व्हस?"

"हो."

"मंग ब्रेकच दाबत ऱ्हावानं ना. पेट्रोल कशाले?"

तेवढ्यात गाडीतून टीं टीं टीं असा आवाज आला. कार्यालयात स्पीकरवाला "हॅलो, चेक, चेक" करत होता, त्या गोंधळातही मी तो ऐकला आणि अभिमानाने म्हटलं, "बघा आबा, किती गुणी गाडी आहे. मी लांब आले तशी स्वतःच लॉक झाली."

गाडी लॉक झाली नव्हती. गाडी मला सांगत होती की, बाई, तू मला चालू ठेवून, किल्ली पर्समध्ये घालून निघाली आहेस. पण इंजिन चालत नव्हतं, त्यामुळे आवाज नव्हता, आणि आवाज नाही म्हणजे गाडी बंद, ही माझी वर्षानुवर्षांची समजूत. मी आबांना "येते हं" म्हणून आत गेले.

आत गेल्यावर ओवाळणीचं ताट, पाहुण्यांची विचारपूस यांत थोडा वेळ गेला. मग एकदम कुजबुज सुरू झाली. मुहूर्त जवळ आला होता आणि आबा दिसत नव्हते.

लिंबाखालची खुर्ची रिकामी होती. चेतनचे वडील, राजेंद्रभाऊ, यांनी कार्यालयाच्या मागे, गच्चीवर, स्वयंपाकाच्या शेडमध्ये, सगळीकडे बघितलं. वैशालीचा चेहरा उतरला. ती मला एका कोपऱ्यात ओढत म्हणाली, "ताई, चहा मी स्वतः हात लावून पाहिला होता. चांगला कढत होता. जास्त कढत झाला असेल का?"

राजेंद्रभाऊ विलासला सांगत होते, "चूक माझी आहे. येताना गाडीत मी त्यांना म्हटलं, आबा, साखरपुड्यात तंबाखू नको. तेव्हापासून गप्प होते."

चेतनला वाटत होतं, आपण सूट घातला म्हणून आजोबा रागावले. पण मला ठाऊक होतं. एवढ्या उन्हात, म्हाताऱ्या माणसाला, साखरपुड्याच्या दिवशी, मी बॅटरीचं व्याख्यान दिलं होतं. माझे विद्यार्थी तरुण आहेत, तेही मधूनच उठून जातात.

काहीतरी करायला हवं म्हणून मी ऋतुजाच्या ओटीची पिशवी गाडीतून आणायला बाहेर गेले. गाडी नव्हती.

जिथे ती उभी होती तिथे जमिनीवर ओलसर डाग होता, ए.सी.चं पाणी पडल्यावर असतो तसा. (मी वनस्पतीशास्त्राची प्राध्यापिका. निरीक्षण हा आमच्या विषयाचा पाया. पण बंद गाडीच्या ए.सी.चं पाणी पडत नाही, एवढं माझ्या लक्षात आलं नाही.) फाटकावरच्या वॉचमनला विचारलं.

"इथली पांढरी गाडी कुठे गेली?"

"मी इथंच होतो, ताई. कोणतीच गाडी सुरू झाली नाही. आवाज आला असता ना."

ज्या गुणाचं मी महिनोन्महिने कौतुक करत होते, त्या गुणाने मला अशा रीतीने गाठलं. गाडी चोरीला गेली होती आणि जाताना हूं की चूं केलं नव्हतं. विलासला काय सांगायचं? अजून ती फायद्यात यायला किती वर्षं बाकी होती!

"एक सांगू का ताई," वॉचमन म्हणाला, "ते धोतरवाले बाबा मघाशी त्या गाडीचं दार उघडून आत बसताना दिसले."

मी धावत आत गेले. आबा आणि गाडी एकदमच गेले आहेत, ही बातमी मी दिली, आणि कार्यालयात जी शांतता पसरली तिला तोड नाही. स्पीकरवालासुद्धा चेक करायचा थांबला.

"आबांना गाडी चालवता येते?" विलासने विचारलं.

"बैलगाडी," राजेंद्रभाऊ म्हणाले.

"मग चोर आबांना घेऊन गेला?"

यावर चेतनच्या आईने खुर्चीत बसकण मारली. आता हा साखरपुडा मोडणार, तोही माझ्या गाडीपायी. ऋतुजा शालू नेसून वरच्या खोलीत बसली होती, तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. वैशाली म्हणाली, "आधी यांना बोलवा. हे कुठे आहेत?"

हे, म्हणजे सुभाष. तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं की मुलीचा बापही नाही. विलासने सुभाषला फोन लावला. फोन स्टेजवर वाजला. फुलांच्या कमानीमागे चार्जिंगला लावून ठेवलेला होता.

मी सुभाषचा तो फोन हातात घेऊन उभी राहिले. थोड्या वेळाने त्यावर एका अनोळखी नंबरवरून फोन आला. आधीच जीव टांगणीला, त्यात कर्ज हवंय का विचारणारे! मी तो कट केला. पुन्हा आला. पुन्हा कट केला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी उचलून खडसावलं, "अहो, आम्हाला काही नकोय. आमच्याकडे माणूस हरवलाय."

"ताई, मीच आहे ना तो!" पलीकडून सुभाष ओरडला. "माझा स्वतःचाच नंबर तेवढा पाठ आहे मला. फुलबाजारातून बोलतोय. तुझी ही डबडी गाडी सुरू होत नाहीये."

"तू नेलीस गाडी? आणि आबा?"

"आबा इथंच आहेत. जिवंत आहेत. पण इथं कोणाला ते पटत नाहीये."

काय झालं होतं ते सांगते. पुढचा भाग मला सुभाषने आणि फुलवाल्याने वेगवेगळा सांगितला, पण मुद्द्याच्या गोष्टी जुळतात.

हारवाला वेळेवर आला नाही म्हणून सुभाष स्वतःच हार आणायला निघाला. त्याची डिझेल गाडी मुलाकडच्यांच्या गाड्यांमागे अडकलेली. फाटकाजवळ माझी गाडी मोकळी. दार उघडलं तर आत ए.सी. सुरू, दिवे लागलेले. त्याला वाटलं, ताईने शहाणपणाने गाडी तयार ठेवली आहे. तो बसला आणि निघाला. पडद्यावर पिवळ्या अक्षरांत इंग्रजीत काहीतरी आलं. (किल्ली गाडीत नाही, असं ते होतं.) सुभाषला वाटलं पट्टा लावायला सांगतेय. त्याने पट्टा लावला.

मागच्या सीटवर आबा झोपले आहेत हे त्याला दिसलं नाही. आबा उन्हाला कंटाळून, गाडी बघावी तरी म्हणून आत बसले होते. गारवा लागला, अंधार होता, ते आडवे झाले आणि तोंडावर उपरणं घेऊन गाढ झोपले. साध्या गाडीत इंजिनाच्या धक्क्याने जाग आली असती. माझ्या गाडीत कसली येते?

फुलबाजारात सुभाषने गाडी थांबवली, बटण दाबून रीतसर बंद केली आणि दुकानदाराला म्हणाला, "हार मागे ठेव, मी सुटे गजरे निवडतो." फुलवाल्याने मागचं दार उघडलं. आत एक वृद्ध गृहस्थ सरळ आडवे, पांढरे कपडे, तोंडावर पांढरं वस्त्र, हालचाल नाही. फुलवाला दचकला. मग त्याने हात जोडले आणि हार त्यांच्या छातीवर एकेक करून हळूच ठेवले. मोगऱ्याचा मोठा हार पायांवर ठेवला.

तो सुभाषजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "केव्हाचं आहे?"

"मुहूर्त बाराच्या आतच आहे," सुभाष गजरे हुंगत म्हणाला.

"घरातलेच ना?"

"घरचंच कार्य. पहिलंच आमच्याकडे, सगळे खूश आहेत."

फुलवाला त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. "वय किती होतं?"

"चोवीस."

फुलवाल्याने पुन्हा एकदा गाडीकडे पाहिलं.

"जेवायला या बरं का," सुभाष म्हणाला. "आमरस आहे. पैसे किती झाले?"

"अशा वेळी पैसे नकोत, भाऊ."

सुभाषला त्याचा मोठेपणा फार भावला. तो गाडीत बसला आणि बटण दाबलं. गाडी ढिम्म. पुन्हा दाबलं. पडद्यावर पुन्हा तीच पिवळी अक्षरं. त्याने पट्टा काढून परत लावला. तोवर आसपासच्या दुकानांतली माणसं गाडीभोवती जमली होती. काहींनी टोप्या काढल्या होत्या. एका म्हाताऱ्या बाईने पदर डोळ्यांना लावला. सुभाषला कळेना की, गाडी बंद पडली तर धुळ्याची माणसं एवढी हळवी कधीपासून झाली.

ए.सी. बंद होऊन थोडा वेळ झाला होता. आत उकडायला लागलं. मागच्या सीटवर आबा उठून बसले.

सुभाष सांगतो की, त्याने आरशात आधी मोगरा पाहिला आणि मग आबा पाहिले. फुलवाला सांगतो की, तो त्या वेळी खाली बसला. मुद्दाम नाही, पाय गेले म्हणून. पदर लावलेली बाई आधी किंचाळली आणि मग आबांच्या पाया पडली. आबांनी छातीवरचे हार पाहिले, गर्दी पाहिली, हात जोडलेले लोक पाहिले.

"मी मरनू का काय रे?" त्यांनी विचारलं.

हे सगळं मला नंतर कळलं. फोनवर मला एवढंच कळलं की, गाडी तिथे, किल्ली इथे माझ्या पर्समध्ये, आणि मधल्या उन्हात दोंडाईच्याचे आबा. मी ताडकन निघाले, पण कशाने? सुभाषची डिझेल अजून अडकलेलीच. तेवढ्यात चेतन पुढे आला. त्याने कोणा मित्राची मोटारसायकल सुरू केली आणि म्हणाला, "आत्या, बसा."

सूट घातलेला नवरदेव पुढे आणि पैठणी नेसलेली आत्या मागे, अशी आमची वरात आग्रा रोडने निघाली. मी एका हाताने पदर धरला होता आणि दुसऱ्या हाताने किल्ली. चेतनचा खांदा धरायला हात उरला नव्हता. गतिरोधक आला की मी डोळे मिटून घ्यायचे. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने आम्हा दोघांकडे बघितलं, मग एकट्या चेतनकडे बघून मान हलवली. मागे कार्यालयात वैशाली विलासला म्हणाली म्हणे, "मुलीचा बाप गेला, मुलाचे आजोबा गेले, आता नवराही गेला. मुलीच्या खोलीला बाहेरून कडी लावू का?"

फुलबाजारात पोचलो. आबा फुलवाल्याच्या दुकानात, सावलीत, लाकडी स्टुलावर बसले होते. हातात उसाच्या रसाचा ग्लास. गळ्यात कोणीतरी हार घातलेला तसाच होता. सुभाष गाडीला टेकून उभा, शर्ट घामाने चिकटलेला. मला बघताच म्हणाला, "तीन जणांनी ढकलली ताई. ढकलून सुरू होत नाही ही."

"हायब्रिड ढकलून सुरू होत नसते."

"मग काय करून होते? विनंती करून?"

मी सरळ आबांसमोर जाऊन उभी राहिले. बोलायचं काय, हे रस्ताभर घोकलं होतं. "आबा, माफ करा," एवढंच म्हटलं आणि डोळ्यांत पाणी आलं. मला ऋतुजा दिसत होती, त्या वरच्या खोलीत, शालूच्या निऱ्या पुन्हा पुन्हा नीट करत बसलेली.

आबांनी रस संपवला. मिशी पुसली.

"तू गाडी बंद करीच नव्हती?"

"नाही आबा. मला वाटलं बंद आहे."

"इतला येळ मी तिनामा झोपनू, माले वाटनं घरमाच शे." मग चेतनकडे वळून म्हणाले, "तुन्ही आजी गयी तैपासून अशी झोप माले लागनी नही रे."

चेतन खाली बघायला लागला. सुभाषने टेकलेल्या गाडीवरून हात काढून घेतला. मी पदराने आबांच्या सदऱ्याला चिकटलेल्या मोगऱ्याच्या पाकळ्या झटकत राहिले.

"चाला," आबा उठत म्हणाले. "बठ्ठा लोके वाट दखी ऱ्हायनात."

मी गाडी सुरू केली. माझ्या एका बोटावर ती सुरू झाली, तेव्हा जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुभाषने मान फिरवली. आबा पुढे माझ्याशेजारी बसले, सुभाष मागे हार मांडीवर घेऊन, आणि चेतन मोटारसायकलवर पुढे रस्ता मोकळा करत.

"थंडं जरा वाढव," आबा म्हणाले. मी ए.सी. पूर्ण सोडला. हिरवे आकडे माझ्या डोळ्यांदेखत कोसळत होते. मी बघितलं आणि पहिल्यांदाच नजर काढून रस्त्याकडे लावली.

"आते खरं सांग," आबांनी विचारलं. "परवडस का?"

शोरूमच्या माणसापासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांना मी या प्रश्नाचं उत्तर ठोकून दिलं होतं. आबांशी खोटं बोलवेना.

"नाही आबा. अजून तरी नाही."

"मंग घिदी कशाले?"

"हट्टाने."

आबा हसले. "हट्टनी वस्तू परवडत नहीच. पन ऱ्हाऊ दे. चांगली शे."

कार्यालयाच्या फाटकात आम्ही शिरलो तेव्हा सगळे बाहेर येऊन उभे होते. मुहूर्त टळून गेला होता. गुरुजींनी पंचांग चाळलं, चष्मा पुसला आणि पुढचा मुहूर्त पहिल्यापेक्षा चांगला असल्याचं जाहीर केलं. वैशाली कपबशी घेऊन पुढे आली. आबांनी चहा घेतला, एक घोट प्यायले आणि म्हणाले, "कोमट शे." आम्ही सगळे जागीच थिजलो. "उन्हाळामा असाच पाहिजे," म्हणून त्यांनी कप संपवला.

साखरेचा पुडा त्यांनीच ऋतुजाच्या हातात दिला. जेवणात फुलवाला खरोखर आला. त्याला आबांच्या शेजारी बसवलं. तो सबंध जेवणभर आबांना अधूनमधून हळूच हात लावून बघत होता.

परतीच्या वाटेवर विलासने समोरचा पडदा बघितला. गाडी घेतल्यापासूनचं सगळ्यात वाईट अ‍ॅव्हरेज. मी बोलणी खायच्या तयारीत होते. तो फक्त ए.सी.ची झडप आपल्याकडे वळवून म्हणाला, "पारोळ्यापर्यंत राहू दे."

जळगावपर्यंत राहू दिला.

आता मला एकच भीती राहिली आहे. गाडीतून उतरले की मला वाटतं, चालूच आहे. दहा पावलं जाऊन मी परत येते, काचेला नाक लावून आत बघते, दिवे नाहीत याची खात्री करते. बाजारात, देवळात, दवाखान्यात, सगळीकडे. लोक बघतात, बघोत. परवा कॉलेजात तास सुरू करण्याआधी मी पुन्हा खाली उतरले, पार्किंगमध्ये जाऊन पांढऱ्या गाडीत डोकावले, सगळं अंधारलेलं दिसलं तेव्हा निर्धास्त मनाने वर गेले आणि मुलांना ऊर्जाबचतीवर चांगलं तासभर शिकवलं. तास संपताना शिपाई दारात आला.

"म्याडम, मघाशी तुम्ही ज्या गाडीत बघत होत्या ना, ती प्राचार्यांची आहे," तो म्हणाला. "तुमची तिच्या पलीकडे आहे. चालू."